मालक कोण? : लुईसच्या फुटबॉल क्लबचा धडा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



'स्वामित्वाचा प्रश्न' या विषयावर मी आपणांसमोर काही विचार मांडावेत, असे संयोजकांनी सुचविले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर साखर कारखाने, सूतगिरण्या आणि बँका असणार. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाकडून तशी अपेक्षा करणे गैरही नाही. परंतु आज मी आपणांस इंग्लंडमधील एका लहान गावच्या फुटबॉल क्लबची हकीगत सांगणार आहे. मी विषय टाळतो आहे असे कृपया समजू नये. स्वामित्वाचा प्रश्न कारखान्याच्या ताळेबंदात दिसतो तसाच तो खेळाच्या मैदानावरही दिसतो, आणि तेथे आकडे लहान असल्यामुळे समजावयास सोपा जातो.

काही वर्षांपूर्वी माझ्या कन्येकडे ब्रायटन येथे माझे काही महिने वास्तव्य होते. तेथून आगगाडीने पाव तासावर लुईस हे गाव आहे. वस्ती सतरा हजारांच्या आसपास. मी तेथे गेलो तो फुटबॉलसाठी नव्हे, थॉमस पेन यांचे घर पाहण्यासाठी. १७६८ ते १७७४ या काळात पेन या गावात अबकारी खात्याचे एक साधे अधिकारी म्हणून राहत होते. ज्यांच्या 'मानवाचे हक्क' या ग्रंथाने तरुण जोतीराव फुल्यांच्या मनावर खोल संस्कार केला, ते हेच पेन. त्यांच्या राजकीय लेखनाचा आरंभ क्रांतीच्या जाहीरनाम्याने झाला नाही. अबकारी नोकरांना मिळणाऱ्या पगारात संसार चालत नाही, सबब तो वाढवावा, असा एक अर्ज १७७२ मध्ये त्यांनी लिहिला आणि तो छापून पार्लमेंटच्या सभासदांना वाटला. ज्याने पुढे राजेशाहीला आव्हान दिले, त्याच्या लेखणीचा पहिला विषय वेतन हा होता, ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी. पुढे आपल्याला तिचे काम पडणार आहे.

घर पाहून परतताना स्थानकाजवळ एका खोलगट मैदानाभोवती माणसांची गर्दी दिसली. या मैदानाचे नाव 'ड्रिपिंग पॅन', म्हणजे मांस भाजताना गळणारी चरबी धरण्याचे पसरट भांडे. चारी बाजूंना गवताचे उंचवटे आणि मध्ये सपाट जमीन असा त्याचा आकार आहे. शेजारीच सोळाव्या शतकात पाडल्या गेलेल्या एका मठाचे अवशेष आहेत. मठातील साधू येथे मीठ पिकवीत, अशी दंतकथा गावात सांगतात. त्या दिवशी सामना महिलांचा होता. तिकीट काढून मी उंचवट्यावर जाऊन बसलो. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी बोलता बोलता सांगितले की, ते या क्लबच्या मालकांपैकी एक आहेत. त्यांच्या कोटाची बाही कोपरावर विरलेली होती. मला प्रथम ती थट्टाच वाटली. ती थट्टा नव्हती, हे कळल्यावर या क्लबचा इतिहास मी वाचू लागलो.

हौशीपणाचे अर्थशास्त्र

लुईस फुटबॉल क्लबची स्थापना १८८५ मध्ये झाली. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने खेळाडूंना पैसे देण्यास रीतसर मान्यता दिली, तेही याच वर्षी. त्यापूर्वी पैसे घेऊन खेळणे हा अपराध होता. लँकेशायरमधील प्रेस्टन या संघाने खेळाडूंना मोबदला दिल्याचे कबूल केले, म्हणून १८८४ मध्ये त्याला चषक स्पर्धेतून काढून टाकण्यात आले होते. या वादाचे मूळ वर्गीय होते. गिरणीतील कामगाराने सामन्यासाठी अर्धा दिवस सोडला की त्याची मजुरी बुडत असे. ज्याला वडिलोपार्जित उत्पन्न आहे, त्याला मात्र खेळापोटी काहीच बुडण्याची भीती नव्हती. त्यामुळे 'खेळ केवळ आनंदासाठी खेळावा' हा उदात्त दिसणारा नियम व्यवहारात कामगाराला मैदानाबाहेर ठेवण्याचे साधन ठरत होता. फुकट काम करणे हे ज्याला परवडते त्याचेच भूषण असते.

उत्तरेकडील आणि मध्य इंग्लंडमधील औद्योगिक शहरांच्या बारा क्लबांनी १८८८ मध्ये फुटबॉल लीग स्थापन केली. पुढे तिच्यात ब्याण्णव क्लब झाले. तिच्या बाहेर जे शेकडो क्लब राहिले, त्यांना 'नॉन-लीग' असे नाव पडले. या शब्दातच एक उतरंड आहे. जे आत आहेत त्यांचे वर्णन त्यांच्या नावाने होते, आणि जे बाहेर आहेत त्यांचे वर्णन ते जेथे नाहीत त्या जागेवरून होते. लीगचे दारही फार काळ बंदिस्तच होते. तळाच्या क्लबला काढून बाहेरच्याला घ्यावयाचे की नाही, हे आतल्या क्लबांच्या मतांवर ठरे, आणि आतले सहसा आतल्यांनाच मत देत. बाहेरच्या सर्वोच्च स्पर्धेतील विजेत्याला आपोआप प्रवेश मिळण्याचा नियम येण्यास १९८७ साल उजाडले.

दक्षिणेकडील लहान गावांत हौशी परंपरा दीर्घकाळ टिकली. लुईसही त्याच परंपरेतला. १९२० मध्ये ससेक्स परगण्याची लीग निघाली तेव्हा तिच्या संस्थापकांत तो होता. १९७७ मध्ये तो लंडन परिसराच्या इस्थमियन लीगमध्ये आला. हौशी आणि व्यावसायिक हा भेद संघटनेने १९७४ मध्येच रद्द केला होता. तोवर कागदोपत्री हौशी असलेल्या खेळाडूंच्या बुटांत गुपचूप नोटा ठेवण्याची पद्धत सर्वश्रुत झाली होती, म्हणून त्या भेदात अर्थ उरला नव्हता.

खेळातील भांडवल

आता थोडे मोठ्या क्लबांकडे वळावयास हवे. त्यावाचून लहान क्लबची अडचण समजणार नाही.

इंग्लंडच्या फुटबॉलला भांडवलदारांची वाण कधीच नव्हती. परंतु त्यांच्यावर काही बंधने होती. क्लबच्या भागधारकांना द्यावयाच्या लाभांशावर मर्यादा होती आणि संचालकांनी वेतन घेऊ नये असा नियम होता. सामन्याच्या तिकिटांचे उत्पन्न यजमान क्लबने पाहुण्या क्लबसह वाटून घ्यावयाचे, अशीही प्रथा होती. याला समाजवाद म्हणता येणार नाही. पण एकट्याने सामना होत नाही, प्रतिस्पर्धी जगला तरच स्पर्धा जगते, एवढी जाणीव त्यामागे निश्चित होती.

१९८३ हे वर्ष या दृष्टीने निर्णायक ठरले. तिकिटांचे उत्पन्न वाटून घेण्याची प्रथा त्या वर्षी बंद झाली. त्याच वर्षी लंडनच्या टॉटनहॅम क्लबने वेगळी धारक कंपनी काढून शेअर बाजारात प्रवेश केला आणि लाभांशाच्या मर्यादेला वळसा घातला. १९९२ मध्ये वरचे क्लब लीगमधून बाहेर पडले आणि त्यांनी प्रीमियर लीग स्थापन केली. दूरचित्रवाणीचा पैसा खालच्यांना वाटावा लागू नये, हा त्यामागील हेतू होता. त्या पैशाचा आकार आज काय झाला आहे? २०२५ पासूनच्या चार हंगामांसाठी ब्रिटनमधील प्रक्षेपणाचे हक्क ६.७ अब्ज पौंडांना विकले गेले. वर इतका पैसा साचला की खालच्या प्रत्येक क्लबला एकच स्वप्न पडू लागते : आणखी एक पायरी चढावी आणि त्या प्रवाहाच्या जवळ जावे. त्यासाठी तो उत्पन्नापेक्षा अधिक खर्च करतो. ती तूट कोणीतरी धनिक भरून काढतो, आणि ज्या दिवशी तो धनिक कंटाळतो त्या दिवशी क्लब उघडा पडतो.

लुईसचे नेमके हेच झाले. २००७-०८ च्या हंगामात तो कॉन्फरन्स साउथ या स्पर्धेत पहिला आला आणि पाचव्या पायरीवर, म्हणजे फुटबॉल लीगच्या थेट दाराशी जाऊन उभा राहिला. त्याच्या इतिहासातील हे सर्वोच्च यश. पण हे यश परवडणारे नव्हते. खर्चाला कात्री लागली. विजयी संघाचा व्यवस्थापक गेला, पाठोपाठ बहुतेक खेळाडू गेले, आणि पुढच्याच हंगामात लुईस तळाला राहून खाली आला. कर्ज आणि थकबाकी यांच्या ओझ्याखाली क्लब बंद पडण्याची वेळ आली. लुईसच्या नागरिकांनी आपल्या गावापुरते वेगळे चलन काढून त्यावर पेन यांचे चित्र छापले, तेही २००८ मध्येच. गावातील पैसा गावात राहावा, हा विचार तेथे रुजत होता. पण त्याच गावाचा क्लब परक्या पैशाच्या आशेवर चालला होता.

एक सभासद, एक मत

२०१० मध्ये काही समर्थकांनी एकत्र येऊन क्लब ताब्यात घेतला आणि त्याची मालकी समाजोपयोगी सहकारी संस्थेकडे सोपविली. किरकोळ वार्षिक वर्गणी भरील तो सभासद. प्रत्येकाला एकच भाग, एकच मत. संचालक मंडळ निवडणुकीने येते. नफा झालाच तर तो वाटून घेता येत नाही, क्लबच्या कामीच लावावा लागतो. यांपैकी 'एक सभासद, एक मत' हे १८४४ मध्ये रॉचडेलच्या विणकरांनी घालून दिलेले तत्त्व आपल्याकडील सहकारी कायद्यातही आले आहे, तेव्हा त्याची अधिक ओळख करून देण्याची गरज नाही. आज जगातील अनेक देशांत मिळून क्लबचे दोन हजारांहून अधिक सभासद-मालक आहेत. विरलेल्या बाहीचे ते गृहस्थ त्यांपैकीच एक.

लोकांच्या मालकीचा झाला म्हणून क्लब जिंकू लागला काय? नाही. २०११ मध्ये त्याची आणखी घसरण झाली, २०१६ मध्ये पुन्हा झाली, आणि २०१८ मध्ये तो एक पायरी वर आला. सहकाराने गोल होत नाहीत, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. त्याने एवढेच झाले की, क्लब हरला तरी बुडाला नाही. या 'एवढेच'ची किंमत जाणून घ्यावयाची असेल तर मँचेस्टरजवळच्या बरी या शहराकडे पाहावे. तेथील क्लबही १८८५ सालचाच. त्याने १९०० आणि १९०३ मध्ये एफ. ए. चषक जिंकला होता. २०१८ मध्ये तो एका व्यक्तीने अवघ्या एका पौंडाला विकत घेतला आणि २०१९ मध्ये देणी भागविण्याची हमी देता न आल्याने त्याला लीगमधून काढून टाकण्यात आले. पिढ्यानुपिढ्या ज्या लोकांनी त्या मैदानावर शनिवार घालविले, त्यांना या व्यवहारात मत नव्हते.

पुढे २०१७ मध्ये लुईसच्या सभासदांच्या क्लबने जो निर्णय घेतला तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुरुषांच्या आणि महिलांच्या संघासाठी वेतनादी खर्चाची तरतूद सारखी करावयाची, असे ठरले. असे करणारा हा जगातील पहिला व्यावसायिक वा अर्धव्यावसायिक क्लब मानला जातो. यावर नेहमीचा आक्षेप असा की, महिलांच्या सामन्यांना प्रेक्षक कमी, उत्पन्न कमी, मग वेतन समान कसे? आक्षेप घेणारा हा युक्तिवाद बाजाराच्या नावाने करतो. पण बाजार कसा घडला हे तो सांगत नाही. १९२० च्या नाताळात लिव्हरपूलच्या मैदानावर प्रेस्टनमधील एका कारखान्याच्या कामगार स्त्रियांच्या संघाचा सामना पाहावयास सुमारे ५३,००० लोक आले होते. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२१ मध्ये, फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांच्या मैदानांवर स्त्रियांना खेळण्यास बंदी केली. ती बंदी सुमारे पन्नास वर्षे टिकली. आधी हुकूम काढून बाजारपेठ मोडावयाची आणि नंतर तुमची बाजारपेठच नाही म्हणून वेतन कमी द्यावयाचे, हा न्याय आपल्याला अपरिचित नाही. आपल्या समाजरचनेत ज्यांना शतकानुशतके विद्येपासून दूर ठेवले, त्यांनाच पुढे गुणवत्ता विचारण्यात आली.

लुईसने हा प्रश्न आपल्या कुंपणापुरता ठेवला नाही. २०१८-१९ मध्ये पुरुषांच्या एफ. ए. चषकाच्या बक्षिसांची एकूण रक्कम तीन कोटी पौंडांच्या घरात होती, तर महिलांच्या चषकाची अडीच लाखांच्या आसपास. या तफावतीविरुद्ध क्लबने संघटनेकडे जाहीर मागणी लावून धरली. २०२२-२३ पासून महिलांच्या बक्षिसांची रक्कम वाढवून तीस लाख पौंड करण्यात आली. समता अद्याप दूर आहे, पण मागितल्यावाचून एवढेही मिळाले नसते. त्याच हंगामात लुईसच्या महिलांनी चषकाच्या उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत मजल मारली आणि आपल्या त्या खोलगट मैदानावर मँचेस्टर युनायटेडशी लढत देऊन ३-१ असा पराभव पत्करला.

कसोटीची वेळ

येथे ही कथा संपविता आली असती तर कार्यकर्त्यांना उत्साह देऊन मी घरी गेलो असतो. पण अर्थशास्त्राच्या माणसाने हिशेबाचे उरलेले पानही उलटले पाहिजे.

महिलांच्या दुसऱ्या श्रेणीत लुईसचे बहुतेक प्रतिस्पर्धी म्हणजे पुरुषांच्या बड्या क्लबांचे महिला संघ. त्यांची तूट वरून भरून निघे. लुईसला ती आपल्या सभासदांच्या वर्गणीतून आणि लहानसहान जाहिरातदारांकडून भरावी लागे. महिलांच्या खेळाला जसजसा भाव येऊ लागला तसतशी ही स्पर्धा अधिक विषम झाली. २०२३ मध्ये 'मर्क्युरी/१३' या गुंतवणूकदार संस्थेशी क्लबची बोलणी सुरू झाली. महिला संघात तिने भांडवल घालावे आणि त्याची बहुसंख्य मालकी तिच्याकडे जावी, असा तो प्रस्ताव होता. सभासदांपुढे पेच मोठा होता. संघ वाढवावयाचा तर भांडवल हवे, आणि भांडवल घ्यावयाचे तर ज्या मालकीमुळे समतेचा निर्णय शक्य झाला तीच हातची जाणार. शेवटी करार झाला नाही. २०२४ च्या वसंतात महिला संघ दुसऱ्या श्रेणीतून खाली घसरला.

यातून कोणी असा निष्कर्ष काढील की, तत्त्वाची किंमत संघाला भोगावी लागली, बाजारापुढे सहकाराचे काही चालत नाही. मी या निष्कर्षाशी सहमत नाही, पण तो हसण्यावारीही नेणार नाही. एका क्लबने आपल्या आत समता आणली, परंतु तो ज्या स्पर्धेत खेळतो तिच्यातील पैशाचे वाटप विषमच राहिले. सभोवती विषमतेचा समुद्र असताना एका बेटावर समता फार काळ कोरडी राहू शकत नाही. म्हणूनच संस्थेच्या आतील लोकशाही जितकी आवश्यक, तितकेच बाहेरच्या व्यवस्थेचे नियम बदलणेही आवश्यक आहे. ब्रिटनमध्ये २०२५ साली फुटबॉलच्या कारभारासाठी कायदा होऊन स्वतंत्र नियंत्रक नेमण्याची तरतूद झाली, ही त्या दिशेने एक पायरी होय. पण त्याची कक्षा पुरुषांच्या पहिल्या पाच पायऱ्यांपुरती आहे. त्या वेळी सातव्या पायरीवर असलेला लुईसचा पुरुष संघ तिच्या बाहेरच राहिला.

आपला हिशेब

शेवटी थोडे आपल्याविषयी. 'एक सभासद, एक मत' ही घोषणा आपल्याला नवी नाही. महाराष्ट्रात ती हजारो संस्थांच्या उपविधींत छापलेली आहे. असे असूनही किती सहकारी संस्था एकेका घराण्याच्या जहागिरी झाल्या, हे आपण उघड्या डोळ्यांनी पाहिले. याचा दोष आपण पुढाऱ्यांना देतो, आणि तो योग्यच आहे. पण मी आज माझाही दोष सांगणार आहे. आम्हां प्राध्यापकांची एक पतसंस्था होती. दर वर्षी वार्षिक सभेची सूचना येई. तिच्या तळाशी एक टीप ठरलेली असे : गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल आणि तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. वीस-बावीस वर्षे मी ती टीप वाचून सूचना खणात टाकीत असे. वर्गात सहकारावर व्याख्याने देत होतो आणि सभेच्या दिवशी घरी वर्तमानपत्र वाचीत होतो. त्या अर्ध्या तासानंतरच्या सभांत, मोजक्या आठ-दहा माणसांच्या हातवर करण्याने जी कर्जे मंजूर झाली, त्यांखाली ती संस्था गेली. कित्येक शिपायांची आणि कारकुनांची निवृत्तीची पुंजी तिच्यात होती. आम्हां प्राध्यापकांना दुसरे आधार होते, त्यांना नव्हते. संस्था लुटणारे थोडे होते. तिला बेवारस करणारे आम्ही पुष्कळ होतो.

लुईसच्या त्या गृहस्थांशी बोलताना मला हे सारे आठवत होते. त्यांना खेळाडूंची नावे ठाऊक होती, तशी क्लबची तूटही ठाऊक होती. वार्षिक सभेत काय प्रश्न विचारावयाचे, हेही त्यांनी मनाशी ठरविले होते. मालकी म्हणजे भागपत्र नव्हे, हे मी पुस्तकांत अनेकदा वाचले होते आणि विद्यार्थ्यांनाही सांगितले होते. ते मला उमगले त्या गवताच्या उंचवट्यावर.

पेन यांच्या अर्जाचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. पार्लमेंटने तो मनावर घेतला नाही. १७७४ मध्ये पेन यांची नोकरी गेली आणि ते गाव सोडून अमेरिकेस निघून गेले. त्या काळच्या हिशेबाने तो अर्ज फसलाच. पण तो फसला म्हणून लिहावयास नको होता, असे कोणी म्हणणार नाही. लुईसच्या क्लबचा हिशेबही मी त्याच खात्यात मांडतो. आपल्यापैकी बहुतेक जण कोणत्या ना कोणत्या पतसंस्थेचे, गृहनिर्माण संस्थेचे वा दूध संघाचे सभासद असतील. यंदाच्या वार्षिक सभेची सूचना आली की ती खणात टाकू नका. ठरलेल्या वेळी जा, अर्ध्या तासानंतर नव्हे, आणि ताळेबंद वाचून जा.